पाच गाठींचा दुपट्टा

माह्या पोराले, मनसारामले, देवानं तोंड दिलं ते फक्त जेवाले. दोन कोस चालून आरमोरीहून आला, दुधाच्या भुकटीचा डबा माह्यासमोर ठेवला आन् झाला आडवा! ना सांगणं, ना बोलणं.

घरात सून मैना तापानं फणफणलेली, तिचं दूध आटलेलं. दीड महिन्याचा नातू सकाळपासून उपाशी. बकरीचं पाजलं तर त्यानं माह्याच लुगड्यावर उलटून टाकलं. म्हणून डॉक्टरनं चिठ्ठी लिहून हा डबा सांगतला होता.

मनसारामचा खांद्यावरचा दुपट्टा मासोळीनं असा वास मारे, का लेकराजवळ बसवेना. ओढला आन् धुवाले घेतला. पाह्यलं तं दोन्ही टोकांले गाठी! दातानं सोडल्या. एकेक गाठ सुटली का मनसारामच्या नावानं एकेक शिवी. मग पाणी उकळलं, वाटी-चमचा उकळला, आन् त्याले हलवून उठवलं.

"भुकटी किती, पाणी किती? डब्यावर सारं इंग्रजी. मी दुसरी शिकली, पन मराठी."

"दुपट्ट्यावर आहे ना," डोळे चोळत तो बोलला. "दुकानदारानं सांगतले तितके चमचे, तितक्या गाठी मारल्या. जाळ्याचं माप ठेवतो तसं, आकडा डोक्यात राहत नाई ना. बिडीनं जळलेल्या टोकाले भुकटीच्या, दुसऱ्याले पाण्याच्या."

दुपट्टा दोरीवर मस्त फडफडत होता. गाठ एक नाई! मी दोन्ही टोकं उलटून-पालटून पाह्यली. लेकरू बोंबलून राह्यलं.

तेवढ्यात कुडापलीकडून शेजारची शकुबाई हासली. "काऊन घाबरता बाई? गाठीले एक शिवी दिली ना तुमी! जळक्या टोकाले एकच, 'मुक्या'. मी कुडाच्या फटीतून पाह्यलं, आयकलं. दुसऱ्या टोकाच्या म्हना पाहू!"

मी डोळे मिटले. "मुडद्या, रेड्या, ठोंब्या, माकडतोंड्या."

"चार!" शकुबाई बोटं मोजून ओरडली. फिरून म्हनाले लावल्या, चारच निघाल्या. मैना तापातही हासाले लागली. "या टोकाची पाचवी नाई ना, आत्याबाई?"

"पाचवी आता द्याची आहे!"

"हो, हो! एकाले चार!" मनसाराम टुणकन उठला. "दुकानदार असाच बोलला!"

एक मुक्या भुकटी, चार माकडतोंडे कोमट पाणी. ढवळलं, हातावर थेंब टाकून पाह्यला. नातवानं चमच्या-चमच्यानं सारं गटकावलं आन् अशी ढेकर देल्ली, का शकुबाईनं कुडापलीकडून टाळी वाजवली.

मी मनसारामकडे वळली. "डबा बरोबर आणला, मापही बरोबर आणलं. बाप म्हणून पास आहेस, मुक्या. पन पुढच्या वेळी मले तोंडानं सांग. तुह्या गाठी धुण्यात जातात, माह्या शिव्या नाई जात!"