निळा की पिवळा

“आई, तुझ्या हातून खरंच माणूस गेलं का?”

हे विचारायची पैज लागली होती. आई नर्स. वर्गातल्या चिंगीचा काका आईच्याच हॉस्पिटलात लिफ्ट चालवतो, त्यामुळे बातमी माझ्याआधी वर्गात पोचली. मैत्रिणी म्हणाल्या, वक्तृत्वाची ढाल मिरवतेस ना, मग घरी तोंड उघडून दाखव. मी हल्ली कुणाच्या बापाला घाबरत नाही, पण ‘गेलं का’ म्हणेपर्यंत माझाच आवाज बसला.

आई माझा युनिफॉर्म इस्त्री करत होती. “हो,” म्हणाली आणि कॉलर उलटवली.

नऊ नंबरच्या खाटेची इन्सुलिनची सुई सात नंबरच्या आजोबांना टोचली गेली. त्या दिवशी दोघी नर्स रजेवर, पेशंट चव्वेचाळीस. औषधांच्या फेरीला नर्स लाल एप्रन घालते. पाठीवर लिहिलेलं असतं, ‘औषधं देत आहे, बोलू नका.’ पण वाचतो कोण? एकाचा मुलगा घरी कधी सोडणार विचारत होता, डॉक्टरांना फाइल हवी होती, कुणाचं सलाइन संपलं होतं. आई सगळ्यांना उत्तरं देत गेली.

“हात चालत होते गं. डोकं कुठेतरी मागेच राहिलं होतं.”

उद्या चौकशी. जबाबात तिनं एकच ओळ लिहिली होती : माझं लक्ष नव्हतं. बाबा वैतागले. “अगं, चव्वेचाळीस पेशंटचं लिही की.”

“रोजच असतात. रोज कुठे कुणी मरतं?”

मी विचारलं, किती वाजता झालं ते.

आई इस्त्री फिरवत राहिली. बाबा म्हणाले, रविवारी, अकराला.

रविवारी अकराला मी आईला फोन लावत होते. चार वेळा तिनं उचलला नाही. पाचव्यांदा उचलला, घाबरून, घरी काही झालं की काय म्हणून. मी विचारलं, संध्याकाळी बक्षीस घ्यायला निळा ड्रेस घालू की पिवळा? आई म्हणाली, “नऊ.”

वर्गात हा किस्सा मी काय रंगवून सांगितला होता! सगळ्या पोट धरून हसल्या होत्या.

मी आईकडे पाहिलं. तिनं बाबांच्या नकळत मान हलवली. नाही म्हणून. मग माझा युनिफॉर्म खुर्चीवर ठेवला, धुऊन आणलेला लाल एप्रन टेबलावर पसरला, बंदसुद्धा ओढून ओढून सरळ केले. उद्या परत करायचा होता. अक्षरं आत जातील अशी तिनं त्याची घडी घातली.

“बाबा,” मी म्हटलं, “उद्या मी शाळेत जाणार नाही. आईबरोबर चौकशीला जाणार आहे. त्या वेळी तिला फोन आला होता, आणि तो मी केला होता.”