ह्यांची पकड

मला टीव्हीवरच्या मालिका आवडत नाहीत. एका बाईला जिना उतरायला आठवडा लागतो. म्हणून समाधाननं, माझ्या लेकानं, रेडिओ आणून दिला आणि त्यावर ते सबंध देशाला ऐकू जाणारं केंद्र लावून दिलं. गाणी नाहीत, रडारड नाही, नुसत्या ताज्या बातम्या आणि खेळ. सकाळभर मराठीतून असतं. त्यातला माणूस ‘थेट मैदानावरून’ म्हणाला की समजावं, या घटकेला चाललंय. शिळं काही वाढत नाहीत.

त्या दिवशी मी ओट्यावर लसूण सोलत बसले होते. समाधान फर्स्ट शिफ्टला कंपनीत गेलेला. सून विजयश्री आत ब्लाउजांना हुका लावत होती. रेडिओवर कबड्डी सुरू झाली आणि तो माणूस म्हणाला, चढाईला येतोय कुरुळीचा समाधान.

मला आधी संतापच आला. घोडा झाला, तरी ड्युटी बुडवून मैदानात उतरतोय. सुनेला हाक मारली आणि विचारलं, तुझा नवरा कामाला गेलाय का मांड्या ठोकायला? ती म्हणाली, डबा घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढताना मी बघितलंय, आत्या, नावासारखी नावं असतात. तेही खरंच. दगड मारावा तर समाधानला लागावा, इतके समाधान आहेत आमच्याकडं.

मग रेडिओवरचा माणूस समोरच्या संघाची नावं सांगायला लागला. उजव्या कोपऱ्यात भैरू. मध्ये अर्जुनराव. त्यांच्याशेजारी धम्मपाल.

माझे हात थांबले. भैरू आमचा दूधवाला, त्याला म्हशीनं मारलं. अर्जुनराव माजी सरपंच, खुर्चीतच गेले, एरवी ती सोडली नसती. धम्मपाल समाधानच्याच लाइनवर कामाला होता, दिवाळीच्या तोंडावर तळेगाव चौकात कंटेनरखाली सापडला. तिघांच्याही मयतीला मी गेले होते.

‘आणि डाव्या कोपऱ्यात,’ रेडिओ म्हणाला, ‘घोटा धरण्यात ज्याचा हात कुणी धरत नाही, तो चिमाजी.’

हे नाव इथं लिहिलं ते रेडिओनं घेतलं म्हणून. लग्नातल्या उखाण्यानंतर ते माझ्या तोंडून कधी निघालं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तर शेजारणीला सांगायला लावायची मी. हे कुरुळीच्या संघात डाव्या कोपऱ्यालाच खेळायचे. गड्याचा घोटा हातात आला की पंचाची शिट्टी वाजली तरी बोटं उकलावी लागायची. हे गेले त्यालाही बरीच वर्षं झाली.

विजयश्री दारात येऊन उभी राहिली होती. तिनंही ऐकलं होतं. ती समाधानला फोन लावत राहिली, पण मोबाईल गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवून घेतात, उचलणार कोण?

मी रेडिओ कानाशी धरला. त्या माणसाच्या मागं लोकांचा गलका नव्हता. धाड. धाड. धाड. कंपनीतल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा आवाज. कुरुळीत राहणाऱ्याला तो सांगावा लागत नाही, आमची भांडीसुद्धा त्यानं फळीवरून सरकतात.

‘समाधान आत शिरला. दम चालू आहे. मध्यरेषा लांब राहिली.’ इथवर तो पुस्तकातलं बोलत होता. मग एकदम आमच्या गावचं बोलला. ‘घोटा घावला. आता दम तुटला की गडी मेला.’

खेळात बाद झालेल्या गड्याला आमच्यात मेलाच म्हणतात. जन्मभर ऐकलाय मी तो शब्द. त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

“अवो, सोडा त्याला,” मी रेडिओला म्हणाले. “आपला समाधान हाय त्यो.”

‘पकड घट्ट,’ रेडिओ म्हणाला.

मग मी ह्यांना काय काय बोलले. जिवंतपणी घरात ध्यान नव्हतं, तिथं जाऊनही खेळच का, लेकाचा पाय वळखू येईना का. रेडिओ म्हणाला, पकड घट्ट, समाधान ओढला जातोय. विजयश्री खाली बसली आणि तिनं माझा पदर धरला.

ह्यांना ‘अवो’ ऐकू येत नव्हतं. मैदानात कुणाकुणाच्या बायका ‘अवो’ म्हणत असतील.

“चिमाजी,” मी म्हणाले. “सोड त्याला.”

प्रेस थांबला. तो माणूसही थांबला. मग हळू म्हणाला, ‘चिमाजीनं सोडला. समाधान रेषेवर. चिमाजी बाद.’

लगेच ठळक बातम्या लागल्या. चाकणला कांद्याची आवक वाढली होती.

समाधान शिफ्ट सुटायच्या आधीच घरी आला, सुपरवायझरनं गाडीनं पाठवला. एका पायात बूट नव्हता. लाइनच्या साखळीत पाय अडकून तो प्रेसकडं ओढला जात होता आणि ती बंद करायच्या बटणापर्यंत कुणाचा हात पोचत नव्हता. घोट्यावर वळ उठले होते. साखळीचे वळ मी पाहिलेत. हे बोटांचे होते.

विजयश्री हळद लावत होती. तो माझ्याकडं बघत होता.

“आये, तेवढ्या आवाजात एक बाई वरडली. आण्णांचं नाव घेऊन, आरंतुरं करून. आन पाय सुटला. कोण आसंल?”

“आसंल कुणी वाह्यात,” मी म्हणाले. “पाय हलवू नको.”

विजयश्रीनं वाटीतली उरलेली हळद निपटून घेतली.

त्याला भात कालवून दिला. पण माझं मन त्या शेवटच्या शब्दापाशी अडलं होतं. ज्यांनी कधी पकड सोडली नाही, त्यांना मी सगळ्यांदेखत बाद करवलं होतं. बाद झालेला गडी रेषेबाहेर जाऊन बसतो. इकडून बाद झालेला तिकडं जातो, ते ठाऊक आहे. तिकडून बाद झाला तर तो कुठं जाऊन बसणार?

दिवे लागायच्या वेळी विजयश्री दार लावायला निघाली. मी म्हणाले, राहू दे उघडं. तिनं उंबऱ्याशी एक पाट मांडला.