काळी फरशी

गल्लीत कॉफीचं पहिलं दुकान निघालं, की जुन्या माणसांनी आपली बोचकी मोजायला घ्यावीत. मिरजेतल्या सतारीच्या गल्लीत तशी दुकानं निघायला लागली होती. गिरणी गेली, तिथं काचेचं दार आलं. शिंप्याच्या जागी शोभेची झाडं विकणारी बाई बसली.

सतारी घडवणाऱ्या याकूबला हे दिसत नव्हतं असं नाही. पण त्याच्या दुकानाचा मालक होता नाथाजी. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले, एका ताटात जेवलेले. नाथाजीच्या बापानं याकूबच्या बापाला हे दुकान नुसत्या शब्दावर भाड्यानं दिलं होतं. दर खंडेनवमीला नाथाजी येऊन याकूबच्या हत्यारांना हळदकुंकू वाहायचा, उंबऱ्यावर नारळ फोडायचा आणि पहिलं खोबरं याकूबच्या हातावर ठेवायचा. अशा माणसाकडं कागद कोण मागेल?

श्रावणात नाथाजी दुकानात आला.

"याकूब, जमीन पार उखणलीया गड्या. फरशी घालून देतो. दसऱ्याला परत बस."

"कशाला उगं खर्च?"

"माझं घर, माझी हौस. रंग कुठला घालू त्येवढं सांग."

याकूब लाजलाच. त्याला आजवर कुणी रंग विचारला नव्हता. "काळी घाल. लाखेचं डाग दिसत न्हाईत."

"काळी तर काळी. आन् माळ्यावरलं भोपळं कशाला उतरतूस? फरशी खाली घालायची हाय, वर न्हाई."

दोघंही हसले.

सतारीचे भोपळे माळ्यावर राहिले म्हणजे जागा आपली राहिली, असं याकूबनं धरलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसंच ते. त्यानं किल्ली नाथाजीच्या हातात दिली. शहाण्या भाडेकरूनं मेलं तरी किल्ली देऊ नये म्हणतात, पण मित्राच्या दारात शहाणपण चपलांबरोबर काढून ठेवायची आपल्याकडं रीतच आहे.

लाकडं, तारांची भेंडोळी, सगळं पोत्यांत भरून घरी आलं. त्याच्या बायकोच्या, शमशादच्या, स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही, कणकेत भुसा यायला लागला, तरी ती कुरकुरली नाही. उलट शेजारणींना सांगत सुटली, "आमच्या दुकानाला फरशी घालत्यात. काळी."

मधे याकूब बघायला गेला, तर दाराला कुलूप. नाथाजी फोनवर म्हणाला, "वाळू दे जरा, पाय उमटतील." याकूब माघारी फिरला.

खंडेनवमीच्या सकाळी त्यानं पटाशी, रंधा आणि कानस धुतल्या कापडात बांधली, स्वच्छ सदरा घातला आणि निघाला. दाराला झेंडूचं तोरण होतं. आत पाऊल टाकलं तर फरशी काळी, आरशागत. याकूबला भरून आलं. नाथानं शब्द पाळला, असं म्हणत त्यानं मान वर केली.

टेबलं होती, खुर्च्या होत्या, कोपऱ्यात कॉफीचं यंत्र होतं. आणि छताला त्याचे भोपळे टांगले होते. बुडाला भोकं पाडून प्रत्येकात एक पिवळा दिवा सोडला होता. त्यातले काही भोपळे त्याच्या बापानं निवडून वाळत घातलेले होते. याकूबला एकाच वेळी राग आला आणि शरमही वाटली.

नाथाजी नारळ घेऊन उभा होता. बोलला त्याचा पोरगा जयराज, पुण्याहून परतलेला. "काका, तुम्ही कुठं जाऊ नका. खिडकीपाशी गादी घातलीय. संध्याकाळी येऊन तारा जुळवत बसा, लोकांना लय आवडंल. फक्त ते लाखेचं काम इथं नको, वास येतो."

याकूबनं त्याच्याकडं बघितलंच नाही. "नाथा, रंग इचारलास, तवा तुला ठावं हुतं?"

नाथाजी नारळाची शेंडी कुरवाळत राहिला. "पोराचा हट्ट हुता रं. तुला तोंडावर सांगायला जीभ उचलंना."

"म्हनून रंग इचारलास."

"तुझ्याच मनासारखी घातली की," नाथाजी म्हणाला, आणि तो हे अगदी मनापासून म्हणाला.

परक्यानं हाकललं असतं तर याकूब भांडला असता, गल्ली गोळा केली असती. आपल्याच माणसानं केसानं गळा कापला, तर बोंब मारायची कुणाच्या नावानं? नाथाजीनं उंबऱ्यावर नारळ फोडला आणि पहिलं खोबरं पुढं केलं. याकूबनं हात मागं घेतला. गाठोडं काखेला मारून तो उंबरा ओलांडून बाहेर पडला.

घरी शमशादनं सगळ्या पोत्यांची तोंडं बांधून ती दाराशी आणून ठेवली होती. चुलीमागची भिंतसुद्धा पुसून काढली होती.

"टेम्पो कवा येतुया?" तिनं विचारलं. "आन् फरशी कशी झालीया?"

"काळी," याकूब म्हणाला. "आरशागत."

"बघा. मी म्हनतच हुते, नाथाभाऊ शब्दाचा पक्का मानूस हाय."

दाराशी खाली बसून याकूब पहिल्या पोत्याची गाठ सोडायला लागला.