बकुळीची लव

माघातली सकाळ टेकडीवरून उतरते ती पांढुरकी, धूसरवसना. टेकडीच्या पोटात खडीची यंत्रं दगड भरडतात, आणि त्या दगडाचं पीठ वाऱ्यावर चढून गावभर उतरतं. कौलांवर, दोरीवरच्या दुपट्यांवर, अंगणातल्या गुडघाभर बकुळीवर.

त्या बकुळीच्या मुळाशी हर्षदाने लेकीची नाळ पुरली होती. लेक तीन महिन्यांची. बकुळही त्या अंगणात तेवढीच. एक पाळण्यात वाढत होती, एक मातीत.

बकुळीचं पान गर्दहिरवं, मेणवर्खी. त्या मेणावर धूळ बसे, पण रुजत नसे. झुळुकीसरशी निम्मी घरंगळे. पानाच्या पाठीला डोळ्यांना न दिसणारी अगणित मुखं. हवा जहरली की मिटायची, निवळली की उघडायची. कुणी न शिकवता.

हर्षदाला हे ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं तेल. मालिशीचं खोबरेल वाटीत उरलं, की ती पानं चोळी. वरून, खालून, हळुवार, हळुवार. पानं आरशासारखी लखलखत. आणि सांजेपर्यंत त्या लखलखाटावर दगडाचं पीठ थापलं जाई. आठव्या दिवशी पानं पिवळली. दहाव्या दिवशी गळू लागली.

बाळाला न्हाऊ घालणाऱ्या यमुनाकाकूंनी एक पान उचललं, बोटांत चोळलं.

"तेल लावलंस होय गं?"

"उरलं होतं, काकू."

"मग शेगडी पेटवून धुरीही द्यायचीस! अगं, पानातून श्वास घेतं झाड. तू नाकच बुजवलंस की त्याचं."

"मरेल का हो?" हर्षदाने मुळाशी हात टेकला. "खाली नाळ आहे हिची."

काकूंनी खोड नखाने जरासं खरवडलं. आत ओलं, हिरवं. "जीव आहे. बिघडलेली पानं टाकून देतंय ते. पाणी घाल. नि हात आवर."

हात आवरणं. आईच्या हातांना तेवढंच येत नाही. पान गळे, ती पदर मुठीत धरून बघत राही. पान गळे, ती तांब्याने पाणी घाली, नि मागे फिरे. शेवटी काडी उरली, करडी, नि:शब्द.

फाल्गुनात त्या काडीच्या शेंड्याला पालवी फुटली. इवलं पान, आणि त्यावर लव. तांबूस, गंजवर्णी, दाट. धूळ आली ती लवेच्या टोकांवरच थबकली. खालची कोवळी कातडी निर्मळ राहिली.

हर्षदा धावत आत आली. काकू पायांवर लेक पालथी घेऊन लव काढायचा बेसनाचा गोळा तिच्या पाठीवर फिरवणार, एवढ्यात हर्षदाने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"लव राहू द्या हिची."

"वेडी का काय! उद्या पोरगी मोठी झाली की मलाच बोलेल."

"बोलू दे. राहू द्या."

काकू हसल्या. पाणी ओतलं. दारातून तिरपं ऊन आलं, लेकीच्या ओल्या पाठीवर पसरलं. आणि त्या उन्हात सोनसळी, रेशीमबारीक, एकेक लव उभी राहिली. बाहेर बकुळीवर, आत बाळावर. धूळ येत राहिली, थबकत राहिली.