‘तुम्ही अजून आहात का?’

मित्रांनो, कोलशेतच्या एका मोटारींच्या शोरूममध्ये, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशेजारी उभा असलेला मी एक जुना टचस्क्रीन आहे. अंगानं सडपातळ, आणि चेहरा म्हणाल तर नखशिखांत नुसता चेहराच!

एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे मला तीन भाषा शिकवल्या आणि या शोरूमच्या दारात आणून उभं केलं. गिऱ्हाइकानं माझ्यावर बोट टेकवावं, गाडीचे रंग बदलून पाहावेत, सगळं आपलं आपण समजून घ्यावं, हे माझं काम. सुरुवातीला विक्रेत्यांना मी डोळ्यांसमोर नको असायचो. ‘हा डबा आमच्या पोटावर पाय देणार,’ असं म्हणायचे. शिवानी नावाची विक्रेती मात्र रोज सकाळी मऊ फडक्यानं माझं तोंड पुसायची. मुलांचा तर मी लाडका होतो. वडापावच्या तेलकट बोटांनी त्यांनी किती गाड्या जांभळ्या केल्या असतील, कोण जाणे! मी अगदी फुशारून गेलो होतो.

अशातच एका रविवारी टिटवाळ्याहून केशरबाई आणि त्यांचा मुलगा प्रफुल्ल गाडी बघायला आले. प्रफुल्लला छत उघडणारी उंच गाडी हवी होती. शिवानी त्याला ती दाखवायला घेऊन गेली. केशरबाईंना कुणी काही विचारलंच नाही. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा मीच विचारलं, ‘गाडीत रोज कोण बसणार?’ खाली चित्रं होती. लहान मूल, सामानसुमान, काठी टेकत चालणारा माणूस.

केशरबाईंचा चेहरा खुलला. त्यांनी काठीवाल्या माणसावर बोट ठेवलं. पण मला ते कळलंच नाही! वर्षानुवर्षं कँटीनची भांडी घासून त्यांची बोटं इतकी कोरडी आणि निबर झाली होती, की माझ्या काचेला ती जाणवेचनात. थोडा वेळ स्पर्श झाला नाही की मी सवयीनं विचारतो, ‘तुम्ही अजून आहात का?’ तसं विचारलं.

“हाय की रं बाबा, हितंच हाय!” केशरबाई म्हणाल्या.

बोलणं मला ऐकू येतं, पण ते उत्तर म्हणून मानता येत नाही. मी निमूटपणे पहिल्या पानावर गेलो. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच झालं. मला फार वाईट वाटलं.

एवढ्यात प्रफुल्ल आला. “आई, सोड ना. मी करतो. लोक बघतायत.”

“तू नगं. तू तुजी गाडी बघतुयास, मला ह्यांची बघायची हाय.” केशरबाई म्हणाल्या. “कंबरेच्या ऑपरेशनपास्नं रिक्षात बसाया दोघांनी उचलावं लागतंय. लाजत्यात ते. म्हणून घराभाईर पडत न्हाईत. ह्यांना आपलं आपण बसता आलं पायजे, प्रफुल्ल.”

प्रफुल्ल बाजूला सरकला. आणि चिकटलेली पिशवी उघडताना करतात तसं केशरबाईंनी बोट जिभेला लावलं.

“आई, काय करतेस!”

पण ते ओलं बोट मला लागलं! मित्रांनो, त्या क्षणी मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी भराभर पुढचं विचारत गेलो. सीट किती उंच हवी? दार किती रुंद? केशरबाई स्वतःच्या मांडीशी हात धरून नवऱ्याच्या, म्हणजे धोंडिबांच्या, कंबरेचा अंदाज घेत आणि बोट ओलं करून उत्तर देत. शेवटी मी एक साधी, मध्यम उंचीची गाडी दाखवली. तिचं छत उघडत नव्हतं. प्रफुल्लनं त्या उंच गाडीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “हीच घेऊ.”

गाडी न्यायच्या दिवशी धोंडिबा आले. रिक्षातून त्यांना दोघांनी उतरवलं, तेव्हा त्यांची मान खाली होती. तरी सगळ्यांना जय भीम घातला, मलासुद्धा. मग ते गाडीकडे पाठ करून उभे राहिले. प्रफुल्लनं पुढे केलेले हात मागे घेतले. धोंडिबा हळूच सीटवर टेकले. हातानं एक पाय उचलून आत घेतला, मग दुसरा. मान वर करून म्हणाले, “केशर, बस की. कुटंतरी लांब जाऊ.”

आता दारात नवा, मोठा स्क्रीन आला आहे. माझा एक कोपरा तडकलाय आणि लोक माझ्या खांद्यावर छत्र्या अडकवतात. गाडीच्या सर्व्हिसिंगला केशरबाई आल्या, की आधी बोट ओलं करून मला भेटतात. मी चटकन उजळतो.

मित्रांनो, माझ्यावर छत्र्या अडकवू नका, तोंड पुसायला फडकं मऊ घ्या. आणि तुमच्या शेजारी कुणाचं बोट अडखळत असेल, तर त्याच्या वतीनं उत्तर देऊन मोकळे होऊ नका. ‘तुम्ही अजून आहात का?’ एवढंच विचारा, आणि माझ्यापेक्षा थोडा जास्त वेळ थांबा.