अ‍ॅलेकचा एकमेव गोल

शेजारच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यावर जळणं शोभत नाही, हे मला कळत होतं. तरी मी जळत होतो.

अ‍ॅलेक डनबार पन्नासच्या दशकात स्कॉटलंडमधल्या एका दुय्यम क्लबात नऊ वर्षं डिफेंडर होता. मग बोटीनं ऑकलंडला आला आणि तिथल्या माउंट वेलिंग्टन उपनगरात आमच्या कुंपणापलीकडे राहिला. डिफेंडर तर मीही होतो, कोल्हापुरात तालमीच्या संघाचा! पण माझी बारा वर्षांची आरुषी, तीही डिफेंडरच, फुटबॉल शिकायला त्याच्याकडे जायची. मी शाहू स्टेडियमचा किस्सा काढला की हिला होमवर्क आठवायचा.

२०१५चा सीझन संपला. तिच्या क्लबाच्या समारंभात प्रत्येक मुलीनं मेडल कुणाच्या हातून घ्यायचं, ते स्वतः ठरवायचं होतं.

"आय ऑलरेडी आस्क्ड अ‍ॅलेक," आरुषी जेवताना म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

मी हातातला घास ताटात ठेवला. "अहो, म्हातारा माणूस आहे, खूश होईल," सुरेखा म्हणाली. बायकोसुद्धा त्याच्याच बाजूची.

मी पेटलो. आठवडाभर इंटरनेटवर जुनी स्कॉटिश वर्तमानपत्रं उपसली आणि शनिवारी सापडलं. १९५७, कपची सेमीफायनल, शेवटचं मिनिट. डनबारनं चेंडू आपल्याच जाळ्यात घातला आणि संघ हरला. त्याच्या नावावर दुसरा गोल कुठेच नव्हता! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. प्रिंट काढून आरुषीपुढे आपटली.

"बघ तुझा हीरो!"

तिनं कागदाकडे नीट पाहिलंही नाही. "आय नो, बाबा. ही टोल्ड मी ऑन डे वन. ही बॅकपास्ड विदाउट कॉलिंग द कीपर. दॅट्स व्हाय ही मेक्स मी शाउट." मग हळूच म्हणाली, "इन युअर स्टोरीज यू ऑल्वेज विन. आय लूज हीप्स, बाबा. अ लॉट."

मी कागद घडी करून खिशात टाकला.

समारंभात अ‍ॅलेकनं तिच्या गळ्यात मेडल घातलं. मी टाळ्या वाजवल्या. तेव्हाही मी जळतच होतो, खोटं कशाला सांगू?

घरी परतताना मी गाडी चालवत होतो. पुढं अ‍ॅलेक पेंगत होता, मागं सुरेखा आणि कानात इअरफोन घातलेली आरुषी. सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "शाहू स्टेडियमवरच्या अठ्ठ्याण्णवच्या फायनलला रेफरी विकला गेला नव्हता."

"म्हणजे?" सुरेखा दचकली. लग्नापासून ती ऐकत आली होती, की आम्ही हरलोच नव्हतो, विकल्या गेलेल्या रेफरीनं हरवलं होतं.

"त्यांचा फॉरवर्ड माझ्यापुढं निसटला. मीच मागून त्याचा शर्ट ओढला. पेनल्टी बरोबर होती."

आरशात पाहिलं. आरुषीनं दोन्ही इअरफोन काढले आणि पुढं सरकली.

"मग?" ती म्हणाली. चक्क मराठीत.