साहेबांची बाटली

सन १९८१. त्या साली ह्यांना मोठा ताप येऊन गेला आणि बरे झाल्यावर ते स्वयंपाकाला नावं ठेवेनासे झाले. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, नशीब उघडलं तुझं!" मला मात्र ते नशीब वाटेना. हे चहाच्या कंपनीत चव घ्यायच्या कामावर होते. घोट फुर्रकन ओढायचा, तोंडात खेळवायचा, थुंकायचा आणि मग चहा कसा आहे ते सांगायचं. त्यांच्या जिभेवर आमचं घर चालत होतं.

बरे झाल्याचं निमित्त काढून त्यांचे साहेब घरी आले. हातात सिंगल मॉल्ट व्हिस्कीची बाटली. वर्षानुवर्षं जपलेली, पुन्हा मिळणार नाही अशी.

"आधी पंडितांची जीभ लागू दे," साहेब म्हणाले. "मग आपण."

ह्यांनी पेला नाकाशी धरला, फुर्रकन घोट ओढला आणि सवयीनं उठून बेसिनमध्ये थुंकला.

"अरे दादा, ही प्यायची असते!" नणंदबाई ओरडल्या.

साहेब हसून लालबुंद झाले. "असू दे हो. थुंकल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. बोला पंडित!"

हे बेसिनशीच उभे. दोन छान शब्द ठोकून दिले असते तरी साहेबांनी मान डोलावली असती. मी डोळ्यांनी विनवत होते.

"जाळ लागला, साहेब," हे म्हणाले. "बाकी काही नाही. चहाचंही तसंच. तापापासून मी नुसता रंग बघून बोलतोय."

साहेबांनी बाटलीला बूच लावलं.

सगळे गेल्यावर ह्यांच्या पेल्यात उरलेली व्हिस्की मी स्वयंपाकघरात उभ्यानंच प्यायले. हे दारात आले.

"कशी आहे?"

"आधी धूर. मग मध. आणि मागाहून भिजलेल्या लाकडासारखं काहीतरी."

"मध कुठला? ताजा की जुना?"

"जुना."

ते डोळे मिटून ऐकत राहिले. तेव्हापासून प्रत्येक जेवणाला विचारायचे, कसं झालंय? आणि मी घासाघासाला सांगायची.

चव परत आली नाही. साहेबांनी ह्यांना गोदामावर घेतलं, तिथूनच हे निवृत्त झाले. साहेब पुढे लेकीकडे राहायला गेले आणि तिकडेच वारले. नणंदबाई आता माणसं ओळखत नाहीत. हे जाऊनही बरीच वर्षं झाली. मी एकटीपुरतं शिजवते. काय कसं झालंय ते मनात जुळवते, पण मोठ्यानं बोलायला लाज वाटते. मग रेडिओ लावते आणि जेवून घेते.